विश्लेषण : ‘फाइल यशस्वीरीत्या अपलोड झाली’, पण आतली माहिती धड पोहोचली का?

शाळेचे निकालपत्रक असो, गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची यादी असो की दुकानातल्या मालाचा तक्ता. एक्सेल फाइल निवडायची, बटण दाबायचे आणि हिरव्या अक्षरांत ‘फाइल यशस्वीरीत्या अपलोड झाली’ असा संदेश आला की आपले काम संपले, असे बहुतेकांना वाटते. त्या संदेशाचा अर्थ मात्र बहुतेक वेळा एवढाच असतो की फाइल सर्व्हरवर पोहोचली. तिच्यातल्या ओळी, आकडे, तारखा आणि नावे वाचून डेटाबेसमध्ये बसवण्याचे काम त्यानंतर सुरू होते. असंख्य वेब अ‍ॅपमध्ये आज हे काम पायथन भाषेतील प्रोग्राम करतात. या टप्प्यावर, पडद्यावर एकही लाल खूण न दिसता, माहिती बदलू शकते किंवा गळूही शकते. हे कसे होते आणि कशामुळे टाळता येते?

इंग्लंडमध्ये १५,८४१ रुग्ण कुठे गेले?

फाइलचे रूपांतर ही किती गंभीर बाब असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण करोनाकाळातले आहे. ऑक्टोबर २०२०च्या सुरुवातीला इंग्लंडमधील दैनंदिन रुग्णसंख्या एकदम उसळली. कारण साथीत नव्हते, फाइलमध्ये होते. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद आकडेवारीत आलीच नव्हती.

प्रयोगशाळा चाचण्यांचे निकाल ‘सीएसव्ही’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पाठवत होत्या. सीएसव्हीत ओळींना मर्यादा नसते. ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ ही सरकारी संस्था तो मजकूर एक्सेलच्या साच्यात ओतून पुढच्या यंत्रणेकडे पाठवत असे. हा साचा जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारचा होता. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. शिवाय एका चाचणीच्या निकालाला अनेक ओळी लागत असल्याने प्रत्यक्षात एका साच्यात साधारण १,४०० रुग्णच बसत होते. त्यापुढचे सगळे बाहेर राहिले. २००७ पासून वापरात असलेल्या ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे तेरा वर्षे जुना झालेला प्रकार वापरात राहिल्याची ही किंमत होती.

या रुग्णांना स्वतःचा अहवाल मिळाला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्या पथकांपर्यंत त्यांची नावे वेळेत गेली नाहीत. वॉरिक आणि हार्वर्ड येथील दोन अर्थतज्ज्ञांनी पुढे याच चुकीचा अभ्यास केला. सुरुवातीला निसटलेल्या रुग्णांच्या तुलनेत, ज्यांचा संपर्कशोध नीट झाला त्यांच्यामुळे पुढील सहा आठवड्यांत नवे संसर्ग ६३ टक्क्यांनी आणि मृत्यू ६६ टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा अंदाज आहे. आकड्यांवर वाद होऊ शकतो. पण गळालेली ओळ म्हणजे गळालेला माणूस, हे इथे अगदी शब्दशः खरे ठरले.

ही चूक पायथनमुळे झाली नव्हती. उलट पायथनच्या ‘पांडाज’ या साधनाला मर्यादेपेक्षा जास्त ओळी एक्सेलमध्ये लिहायला सांगितल्या, तर ते ‘हे पान फार मोठे आहे’ असे सांगून थांबते. अशी ओरडणारी चूक परवडते. घात करते ती गप्प बसणारी, आणि तशा चुका होण्याच्या जागा पायथनमध्येही भरपूर आहेत.

बटण दाबल्यानंतर काय घडते?

ब्राउझर फाइलचे बाइट सर्व्हरकडे पाठवतो. तिथे ‘जँगो’ किंवा ‘फ्लास्क’सारखी चौकट ते स्वीकारते. (जँगोचा जन्म अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका दैनिकाच्या कार्यालयात झाला आणि २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. बातम्यांच्या संकेतस्थळाला घाईने नवी पाने लागत, त्या गरजेतून ती घडली.) अडीच एमबीपर्यंतची फाइल जँगो थेट मेमरीत ठेवते, त्याहून मोठी असेल तर तात्पुरती डिस्कवर उतरवते.

यानंतर बहुतेक ठिकाणी सूत्रे पांडाजकडे जातात. वेस मॅकिनी या प्रोग्रामरने २००८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत नोकरी करताना ते लिहायला घेतले. त्याच्या नावाचा प्राण्याशी संबंध नाही. ‘पॅनल डेटा’ या संख्याशास्त्रातील संज्ञेवरून ते आले. एका ओळीच्या आदेशात अख्खा तक्ता वाचून देणे ही त्याची ताकद. पण ती एक ओळ लिहिताना प्रोग्रामर अनेक निर्णय नकळत पांडाजवर सोपवतो. कोणत्या कॉलमात संख्या आहे, कुठे मजकूर आहे, कोणता रकाना रिकामा समजायचा, हे सगळे ते अंदाजाने ठरवते.

अंदाज कुठे चुकतो?

पहिला बळी जातो सुरुवातीच्या शून्याचा. मुंबईचा दूरध्वनी कोड ०२२. पांडाजला ती संख्या वाटते आणि उरतात २२. अनेक बँक खाते क्रमांक आणि कर्मचारी क्रमांकही शून्याने सुरू होतात. आपल्याकडे एकही पिन कोड शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे भारतीय प्रोग्रामर निदान पत्त्यांच्या बाबतीत वाचतात. बोस्टन परिसरातले पिन कोड मात्र शून्यानेच सुरू होतात आणि तिथल्या लोकांना हा त्रास ओळखीचा आहे.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. मोबाइल क्रमांकांच्या कॉलमात एकच रकाना रिकामा राहिला, की पांडाज पूर्ण कॉलम दशांश संख्येत बदलते. मग तो कॉलम पुन्हा मजकूर म्हणून साठवताना प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी ‘.०’ चिकटते. एका सभासदाने क्रमांक दिला नाही म्हणून बाकी सगळ्यांचे क्रमांक बिघडतात आणि एसएमएस कुणालाच जात नाही.

‘एनए’ ही दोन इंग्रजी अक्षरे दिसली की पांडाज त्याचा अर्थ ‘माहिती उपलब्ध नाही’ असा घेते. पण देशांच्या दोन अक्षरी संकेतांमध्ये ‘एनए’ म्हणजे नामिबिया. देशनिहाय तक्ता अपलोड केल्यावर नामिबियाच्या संकेताचा रकाना रिकामा का दिसतो, हा प्रश्न अनेक नवशिक्यांना पडतो, तो यामुळे.

तारखांचे प्रकरण भारतीयांना सर्वाधिक भोवते. ‘०५/०६/२०२४’ म्हणजे आपल्यासाठी ५ जून. वेगळे काही सांगितले नाही तर पांडाज ती अमेरिकी पद्धतीने ६ मे अशी वाचते. ‘१३/०६/२०२४’ अशी तारीख आली, की तेरावा महिना नसल्याने जुन्या आवृत्त्या त्या ओळीपुरता क्रम मुकाट्याने उलटा करत. म्हणजे एकाच कॉलमातल्या काही तारखा अमेरिकी आणि काही भारतीय! २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून पहिल्या तारखेचा साचा सर्वांना लावला जातो आणि तो जुळला नाही तर प्रोग्राम थांबतो. ही सुधारणा चांगली आहे. पण यादीतल्या सगळ्या तारखा महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या असतील, तर अजूनही कुणाला पत्ता लागत नाही.

आणि काही वेळा फाइल पायथनपर्यंत येण्याआधीच एक्सेलने आपला हात फिरवलेला असतो. बारा अंकी आधार क्रमांक साध्या रकान्यात टाकला, की एक्सेल तो वैज्ञानिक पद्धतीने, म्हणजे ‘१.२३ गुणिले दहाचा अकरावा घात’ अशा आखूड रूपात दाखवते. त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली, तर दिसते तेच लिहिले जाते आणि उरलेले अंक कायमचे जातात. पंधरा अंकांपुढच्या संख्येत तर एक्सेल नंतरचे अंक शून्य करून टाकते. सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक यातच जातो.

या सवयीपुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकले आहेत. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी माणसाच्या जनुकांची नावे एक्सेल १ मार्च, १ सप्टेंबर अशा तारखांत बदलत असे. २०१६ मधील एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये नियम बदलले आणि या जनुकांची नावेच ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ अशी केली. आपोआप होणारे हे बदल बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये दिली ती २०२३ मध्ये.

मराठी याद्यांची अडचण वेगळी का?

मराठी मजकुराच्या वाट्याला वरच्या सगळ्या अडचणी येतातच, शिवाय काही खास आपल्या आहेत. एक्सेलमधून जतन करताना नुसता ‘सीएसव्ही’ हा पर्याय निवडला, तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागू शकते. ती प्रश्नचिन्हे फाइलमध्ये खरोखर लिहिली गेलेली असतात. त्यांतून मूळ नाव परत मिळवता येत नाही. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडला तर अक्षरे वाचतात. पण त्या फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइटची एक खूण येते. पायथनचे साधे सीएसव्ही वाचक त्या खुणेला पहिल्या कॉलमच्या नावाचाच भाग समजू शकते. मग पडद्यावर ‘नाव’ हा कॉलम दिसत असूनही ‘नाव हा कॉलम सापडला नाही’ अशी तक्रार येते.

राज्यातल्या कार्यालयांत आणि छापखान्यांत श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा जुन्या फॉन्टमधल्या याद्या अजूनही आहेत. अशा फाइलमध्ये मराठी अक्षरे नसतातच. साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. पायथनला फॉन्ट दिसत नाही, फक्त चिन्हांचा कचरा दिसतो. तो युनिकोडमध्ये आणायला त्या-त्या फॉन्टसाठी वेगळा अक्षरतक्ता लागतो.

आणखी एक बारीक गाठ ‘ऱ्ह’ या जोडाक्षराची. ‘कऱ्हाड’ हे नाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होते : कुणाच्या कळफलकावर खास ‘ऱ’ असतो, तर कुणाचा कळफलक साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावतो. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला वेगळी. गावाच्या नावावरून दोन तक्ते जोडायला सांगितले की पांडाज, वेगळी सूचना नसेल तर, दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवते. न जुळलेल्या ओळी काहीही न सांगता वगळल्या जातात. लाभार्थ्यांची एक यादी आणि खात्यांची दुसरी यादी अशी जोडली, तर एखादे अख्खे गाव बाहेर राहू शकते आणि प्रोग्राम मात्र ‘काम पूर्ण’ म्हणतो.

मराठी अंकांचेही तसेच. पायथन भाषेला ‘१२’ हा देवनागरी आकडा थेट कळतो, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. पांडाज सीएसव्ही वाचताना मात्र तो मजकूर समजते. बेरीज सांगितली तर ‘१२’ आणि ‘३०’ मिळून ४२ होत नाहीत, ‘१२३०’ होतात.

सर्वांत गमतीशीर, आणि धोकादायकही, प्रकार फाइलच्या नावाचा आहे. फाइलच्या नावात दडवलेल्या चिन्हांमार्फत कुणी सर्व्हरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये शिरू नये, म्हणून फ्लास्कच्या जोडीला ‘सिक्युअर फाइलनेम’ नावाचे फंक्शन वापरतात. ते इंग्रजीखेरीज सगळी अक्षरे काढून टाकते. त्यामुळे ‘यादी.एक्सएलएसएक्स’ या मराठी नावाच्या फाइलचे नाव उरते नुसते ‘एक्सएलएसएक्स’. ‘हजेरी’ नावाच्या फाइलचेही तेच. प्रोग्रामरने ते नाव जसेच्या तसे वापरले, तर दुसरी फाइल पहिलीवर चढते आणि पहिली नाहीशी होते. यावर सोपा उपाय आहे : साठवताना प्रत्येक फाइलला सर्व्हरने स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि मूळ मराठी नाव फक्त दाखवण्यासाठी डेटाबेसमध्ये ठेवायचे.

एक्सेल म्हणून आलेली फाइल एक्सेलच असते का?

नेहमीच नाही. आजची एक्सेल फाइल म्हणजे खरे तर झिप केलेले फोल्डर. तिच्या पहिल्या दोन बाइटमध्ये ‘पीके’ ही अक्षरे असतात; झिप प्रकाराचे जनक फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे. नावामागचे शेपूट कुणीही बदलू शकतो, म्हणून शहाणा प्रोग्राम नाव न पाहता हे सुरुवातीचे बाइट तपासतो. अनेक संकेतस्थळांवरून ‘एक्सएलएस’ म्हणून उतरणारी विवरणपत्रे प्रत्यक्षात वेबपानावरचा तक्ता असतात. एक्सेल इशारा देऊन ती उघडते, पांडाज मात्र अडून बसते.

झिप असल्याचा दुसरा अर्थ असा, की छोट्या फाइलच्या पोटात प्रचंड मजकूर दडवता येतो. ‘४२ झिप’ या कुप्रसिद्ध फाइलचा आकार ४२ केबी आहे. पूर्ण उलगडली तर ती साडेचार पेटाबाइटची होते. त्यामुळे अपलोडच्या आकारावर मर्यादा घालून भागत नाही, उलगडल्यानंतरच्या आकारावरही घालावी लागते.

धोका उलट दिशेनेही असतो. अर्जातल्या नावाच्या रकान्यात कुणी बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारे सूत्र लिहिले आणि अ‍ॅपने ती यादी सीएसव्ही म्हणून बाहेर दिली, तर यादी उघडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर एक्सेल ते सूत्र चालवायला घेते. म्हणून बरोबर, अधिक, वजा किंवा ‘अ‍ॅट’ या चिन्हांनी सुरू होणाऱ्या मजकुरापुढे एक अवतरणचिन्ह टाकण्याची पद्धत आहे. पण ‘+९१’ने सुरू होणारे मोबाइल क्रमांकही या चाळणीत अडकतात, हे लक्षात ठेवावे लागते.

मग नीट केलेले काम कसे ओळखायचे?

काळजीने लिहिलेला प्रोग्राम अंदाज लावू देत नाही. तो आधी प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच वाचतो. पांडाजला तशी सूचना एका शब्दात देता येते. मग कोणता कॉलम काय आहे, हे आधी ठरवलेल्या नियमाने तपासतो : मोबाइल दहा अंकी आहे का, तारीख दिवस-महिना-वर्ष याच क्रमात आहे का. न बसणारी ओळ तो फेकत नाही, कारण लिहून बाजूला ठेवतो. शेवटी हिशेब दाखवतो, की फाइलमध्ये ५१२ ओळी होत्या, ५०७ घेतल्या, ५ अडल्या आणि त्या का अडल्या. इंग्लंडमध्ये आलेल्या आणि पुढे गेलेल्या ओळींची अशी रोजची मोजणी असती, तर पहिल्याच दिवशी फरक दिसला असता. हा हिशेब दाखवायला जेमतेम दहा-पंधरा ओळींचा कोड लागतो. तरी तो बहुतेक अ‍ॅपमध्ये नसतो, कारण प्रात्यक्षिकाच्या वेळी नेहमी स्वच्छ फाइल वापरली जाते. खऱ्या फाइलमध्ये वरच्या तीन ओळींत संस्थेचे नाव आणि आर्थिक वर्ष असते, रकाने एकमेकांत मिसळलेले असतात आणि तळाला ‘एकूण’ची ओळ असते. ती ‘एकूण’ही मग एक सभासद म्हणून डेटाबेसमध्ये जाऊन बसते.

मोठी फाइल असेल तर रूपांतर पाठीमागे स्वतंत्रपणे चालवणे शहाणपणाचे. पायथन अ‍ॅप चालवणारा ‘गुनिकॉर्न’ हा सर्व्हर, बदल केला नसेल तर, ३० सेकंदांत उत्तर न देणारे काम मारून टाकतो. वापरणाऱ्याला चूक झाल्याचे दिसते, तो पुन्हा बटण दाबतो आणि अर्ध्या ओळी दोनदा नोंदल्या जातात. म्हणून एक तर सगळ्या ओळी जाव्यात नाही तर एकही नको, अशी व्यवस्था डेटाबेसमध्ये करावी लागते आणि मूळ फाइल हात न लावता जपून ठेवावी लागते.

फाइल देणाऱ्याने काय पाहावे?

अपलोडनंतर पहिली ओळ, शेवटची ओळ आणि एकूण संख्या मूळ यादीशी ताडून पाहायला दोन मिनिटे लागतात. आधार, खाते आणि मोबाइल क्रमांकांचे कॉलम एक्सेलमध्ये भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ प्रकारचे करावेत. नंतर केल्यास गेलेला शून्य परत येत नाही. तारखेत महिना अक्षरांत लिहिला, तर गोंधळाला जागाच उरत नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. फाइलचा प्रकार बदलायचा म्हणून मोबाइलवर शोधून सापडेल त्या मोफत ‘कन्व्हर्टर’ संकेतस्थळावर सभासदांची किंवा विद्यार्थ्यांची यादी टाकली जाते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या ‘एफबीआय’च्या डेन्व्हर कार्यालयाने अशा संकेतस्थळांबाबत जाहीर इशारा दिला होता : काही संकेतस्थळे रूपांतर खरोखर करून देतात, पण परत दिलेल्या फाइलसोबत घातक प्रोग्राम पाठवतात आणि दिलेल्या फाइलमधली वैयक्तिक माहितीही उचलतात. आपल्याकडे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत हयगय करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संगणकावर एक्सेलमध्येच ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये जाऊन ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडले, तर बाहेरच्या कुठल्याही संकेतस्थळाची गरज पडत नाही. मोफत मिळणाऱ्या ‘लिब्रेऑफिस’मध्येही ही सोय आहे.